फोटोत उजळ दिसत होती

पत्र: मावशी, मी 27 वर्षांची, नाशिकला नोकरी करते. दादाने बायोडेटात माझा वर्ण 'निमगोरा' टाकलाय, स्टुडिओतून फोटोही उजळ करून आणलाय. मी सावळी आहे, चांगलीच सावळी. रविवारी पाहुणे आले, जाताना मुलाची आत्या जिन्यात म्हणाली, "फोटोत उजळ दिसत होती." आता काकूने मेडिकलमधून ट्यूब आणून दिलीय, दोन महिने लाव म्हणते. त्या रकान्यात मी काय लिहू?

अगं काहीच लिहू नकोस, रकानाच उडव. उंची लिहा, शिक्षण लिहा, रास-नाडी काय हवं ते लिहा, रंग तर पोरगी समोर आली की दिसतोच की.

दादा वाईट नाहीये, त्याला वाटतं एकदा लोक घरात आले की पोरगी आवडेलच. पण थाप त्याने मारली आणि जिन्यातलं बोलणं ऐकून घेतलंस तू.

आणि 'निमगोरा' शब्दच बघ ना, मोजायची सुरुवातच गोऱ्यापासून, निमकाळा कधी ऐकलायस? गोरा, उजळ, निमगोरा, मग गव्हाळ (म्हणजे कुठला गहू, लोकवन की खपली, ते आजवर एकाही मध्यस्थाने मला सांगितलेलं नाही) आणि सावळा आला रे आला की मागोमाग 'पण' येतो, सावळी आहे पण नाकीडोळी नीटस. माझ्या आईने माझ्या वेळी 'सावळी पण तरतरीत' लिहिलेलं, मी काय घोडी होते का! हेच लोक आषाढीला पंढरपुरात सावळ्या विठोबासाठी तासन् तास रांगेत उभे राहतात, तिथे कोणाला 'पण' सुचत नाही.

2020 मध्ये शादी डॉट कॉमने रंगावरून स्थळं शोधायचं फिल्टर काढलं, लोकांनी ऑनलाइन सह्या केल्या म्हणून, आणि त्याच वर्षी फेअर अँड लव्हलीच्या नावातलं 1975 पासूनचं 'फेअर' गेलं (क्रीम आहे तिथेच आहे, आता ग्लो म्हणतात). दादाला म्हणावं, त्यांना जमलं, तुला फाईलमधली एक ओळ डिलीट करायला काय होतंय.

फोनवर कोणी विचारलंच तर आईने "सावळी आहे" एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं, पुढे पण नाही, नाकडोळे नाहीत. ज्यांना चालत नाही ते तिथेच फोन ठेवतील, तुमचे पोहे वाचतील. फोटो नवीन काढ, दिवसा, गॅलरीत, फिल्टर बंद करून.

ट्यूबचं मात्र आजच बघ. मागे बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, सुरुवातीला उजळल्यासारखं वाटतं, मग कातडी पातळ होते, उन्हात गेलं की चेहरा लालभडक, पुरळ, लव वाढते ते वेगळंच. ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात, तरी काउंटरवर सर्रास मिळतात. बरेच दिवस लावत असशील तर मनाने एकदम बंद करू नकोस, त्वचेच्या डॉक्टरांना विचार, आणि ट्यूब फेकू नको, त्यांना दाखवायला घेऊन जा.