पंधरा हजारांच्या इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप आणि हार्डवेअर बदलावेत का? सांगलीत हे काम कुणी करतं का?

तू लिहिलंयस की गिटार स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) आकाराची आहे, तीन सिंगल कॉइलवाली, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारे एकेका कॉइलचे तीन पिकअप. आवाज चिरका येतो, अ‍ॅम्प चालू केला की घूं सुरू होते आणि दोन गाणी झाली की बेसूर. म्हणून पिकअप, ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या), ब्रिज (तारांची खालची बैठक) सगळं मागवायचं आहे, आणि 'सांगली-मिरजेत हे कुणाला जमत नाही म्हणून पुण्याला पाठवतोय'. बाकीचं नंतर बघू. हे पुण्याचं वाक्य तुला कुणी सांगितलं? माझ्या आतेभावानं नसेल तर त्याच्याच जातकुळीतल्या कुणीतरी.

पहिलं सरळ सांगतो. पिकअप सगळ्यात शेवटी. बेसूर होणाऱ्या गिटारला महागडे पिकअप लावलेस तर ती बेसूर आहे हे जास्त स्पष्ट ऐकू येईल, एवढंच.

सुरुवात नटपासून कर, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीतनं जातात तिच्यापासून. ट्यूनर पिळताना मध्येच 'टिंग' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो का? विशेषतः तिसऱ्या तारेला, जी-ला? येत असेल तर ट्यूनरचा काही दोष नाही. तार नटच्या खाचेत अडकते, ताण साठतो आणि मग सुटते. बेंड मारलास, म्हणजे तार बाजूला ओढून सूर चढवलास, की तेच उलट्या दिशेनं होतं, तार परत जागेवर येत नाही. स्वस्त गिटारींचा नट म्हणजे बहुतेक वेळा आतून पोकळ प्लास्टिक, आणि खाचा कारखान्यात घाईत मारलेल्या. तात्पुरतं म्हणून पेन्सिलचं शिसं खाचेत घासून बघ. फरक पडला तर रोग तिथंच आहे.

आतेभावाचं नेमकं हेच झालं होतं. विश्रामबागेत गणपतीच्या कार्यक्रमाला आम्ही वाजवायचो, तो लीड, मी रिदम. त्याची गिटार उतरायची म्हणून त्यानं बाहेरून तार जखडून धरणारे लॉकिंग ट्यूनर मागवले, माझ्या ट्यूनरच्या चौपट किमतीचे. ते बसेनात, कारण हेडस्टॉकची, म्हणजे खुंट्या बसतात त्या डोक्याची, भोकं लहान आणि नव्या ट्यूनरना दहा मिलिमीटरचं भोक लागतं. मग गिटार गेली पुण्याला, भोकं मोठी होऊन आली. पुढच्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला तीच तिसरी, जी-ची तार उतरली. मी म्हटलं, नट बघ. तो म्हणाला, "नट म्हणजे प्लास्टिकचा तुकडा, त्यानं काय होतंय?" मी म्हटलं, तुझा नाही तर माझा बदलतो, मिरजेत. यावर तो जे हसला ना, ते अजून माझ्या डोक्यात आहे. "गिटार तंबोरेवाल्याकडं नेणार? उद्या अ‍ॅम्प पण कुंभाराकडं ने!"

मी कुपवाड एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम करतो. तिथनं सुटलो आणि गिटार पाठीला लावून थेट मिरज. सतार-तंबोऱ्यांच्या दुकानांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या कारागिराकडे एकदा शाळेचा तंबोरा दुरुस्तीला नेला होता, तेवढीच ओळख. त्यांनी बॅगेतनं गिटार काढली, उलटी केली, मागून टकटक वाजवून बघितली आणि विचारलं, "याचा भोपळा कुठाय?" म्हटलं, चाचा, भोपळा विजेवर चालतो.

मी नटवर बोट ठेवून दाखवलं. पुढं काही समजावून सांगायची वेळच आली नाही. त्यांनी एक एक तार मोकळी छेडली, कान हेडस्टॉकजवळ नेला आणि चौथ्या तारेवर थांबले. "ही जवारी बोलतीय. तुमच्यात ही नको असते ना?"

भावा, इथं सगळा खेळ आहे. सतारीची किंवा तंबोऱ्याची तार घोडीच्या रुंद, किंचित उताराच्या पाठीवर अलगद घासत राहते, म्हणून तो झणकार येतो. ती पाठ कानसून नेमकी आणायची म्हणजे जवारी काढायची. गिटारला हेच नको असतं. नटच्या खाचेचा तळ हेडस्टॉककडे उतरता पाहिजे आणि तारेचा शेवटचा टेकू फ्रेटबोर्डच्या बाजूच्या कडेवरच पडायला पाहिजे. तळ सपाट राहिला किंवा टेकू मागं सरकला की मोकळी तार सतारीसारखी झणझणते. लोक मग फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बदलतात, मानेच्या आतली ट्रस रॉड नावाची सळई पिळतात, नशिबाला दोष देतात. ज्या माणसाचा जन्म जवारी काढण्यात गेला त्याला जवारी घालवायची कशी हे कोण शिकवणार?

जुना नट त्यांनी कडेनं पात्यानं सोडवून लाकडाच्या ठोकळ्यानं हलकेच ठोकून काढला. उंटाच्या हाडाचा तुकडा घेतला, साडेतीन मिलिमीटर जाडीचा होईपर्यंत घासला आणि जुना नट शेजारी ठेवून उंची उतरवली. गिटारवाल्यांकडे प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस असते, तशी त्यांच्याकडे नव्हती. बारीक करवतीनं खाच पाडायची आणि माझ्याच जुन्या तारेला पॉलिश पेपर गुंडाळून ती गुळगुळीत करायची, असं त्यांचं चाललं होतं. खाचांमधलं अंतर काढताना त्यांनी तारांचे मध्य मोजले नाहीत, दोन तारांच्या मधली मोकळी जागा सारखी ठेवली. बरोबर तसंच पाहिजे, नाहीतर जाड तारा एकमेकींना चिकटल्यासारख्या वाटतात. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं.

कारखान्यातलं फट मोजायचं फिलर गेज मी खिशात घालून नेलं होतं, पण ते बाहेर काढायची गरज पडली नाही. तपासायची सोपी पद्धत अशी की तार तिसऱ्या फ्रेटवर दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघायची. कागद जाईल एवढीच राहायला हवी. जास्त असेल तर पहिल्या फ्रेटवरचे कॉर्ड चढे लागतात. एफ कॉर्ड धरताना बोटं दुखतात तीही यानंच. अजिबात नसेल तर मोकळी तार फ्रेटला लागते. चाचांनी सगळी मिळून मजुरी घेतली ती पाचशेच्या आत. ती गिटार आजही माझ्याकडे आहे आणि सेट संपेपर्यंत सुरात राहते. ट्यूनर कंपनीचेच, जुने.

आतेभावाचं म्हणणं अजून तेच: 'तुझं नशीब चांगलं.' पंढरपूरकडचे भोपळे आणून त्यातनं गायकांच्या कानाला पटेल असा तंबोरा उभा करणारं हे गाव. फरीदसाहेब सतारमेकरांपासून ही परंपरा सांगतात, म्हणजे एकोणिसावं शतक. त्याआधी हीच शिकलगार मंडळी हत्यारं घडवायची आणि त्यांना धार लावायची. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. यांना हाडाच्या एका पट्टीत सहा खाचा पाडता येणार नाहीत म्हणे! क्वीन बँडच्या ब्रायन मेनं वडिलांबरोबर घरीच गिटार बनवली, 1963 मध्ये सुरुवात केली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची आणि ट्रेमोलोला (दांड्यानं सूर डुलवणाऱ्या ब्रिजला) मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. ती घेऊन तो जगभर वाजवत आला. हे ऐकवलं की आतेभाऊ म्हणतो, तो इंग्लंडचा. म्हणजे अडचण हाडाची नाही, पत्त्याची आहे.

आता तुझा चिरका आवाज. पिकगार्ड (पुढची प्लास्टिकची पाटी) काढ आणि पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या मुठीखालच्या भागाच्या, पाठीवर काय लिहिलंय बघ. बी500के असेल तर निम्मं उत्तर मिळालं. सिंगल कॉइलला साधारणपणे 250 के वापरतात, 500 के दोन कॉइलच्या हंबकर पिकअपला. सिंगल कॉइलवर 500 के लावला की वरच्या पट्टीतला आवाज कमी गळतो आणि तो कानाला टोचतो. 'बी' म्हणजे लिनियर, त्यामुळं व्हॉल्यूम फिरवताना आवाज हळूहळू न उतरता एका टोकाला एकदम पडल्यासारखा वाटतो. ए250के घे. सीटीएस कंपनीचे घेणार असशील तर एक लक्षात ठेव, त्यांच्या बुशिंगला (दांड्याभोवतीच्या आट्यांच्या नळीला) साडेनऊ मिलिमीटरचं भोक लागतं आणि स्वस्त गिटारच्या छोट्या पॉटचं बुशिंग असतं सातचं. पिकगार्ड प्लास्टिकचा आहे, रीमरनं, म्हणजे भोक मोठं करायच्या हत्यारानं, हळूहळू मोठं कर. ड्रिल मारलंस तर तडा जाईल. जुन्या मुठीही नव्या दांड्यावर बसतीलच असं नाही. एवढा व्याप नको असेल तर अल्फा कंपनीचे छोटे पॉट तसेच बसतात आणि उत्तम चालतात.

टोनचा कपॅसिटर 0.022 किंवा 0.047 मायक्रोफॅरड. दहा-वीस रुपयांचा फिल्म कपॅसिटर आणि दोन हजारांचा तेलातला जुना कपॅसिटर यांचं मूल्य सारखं असेल तर आवाजही सारखाच. यावर वाद घालायला येणाऱ्यांनी आधी मल्टिमीटर घेऊन यावं.

घूंचं म्हणशील तर तारांना हात लावून बघ. हात लावल्यावर कमी होत असेल तर ब्रिजला जाणारी ग्राउंडची तार शाबूत आहे, बाहेरचा कचरा आत शिरतोय. उलट वाढत असेल तर जॅकवरच्या दोन तारा उलट्या जोडल्यात, पाच मिनिटांचं काम. पोकळीत तांब्याची टेप लावून ती ग्राउंडला जोडलीस की चार्जर, ट्यूबलाइट, पंख्याच्या रेग्युलेटरची चरचर पुष्कळ कमी होते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रातनं कॉइल जी 50 हर्ट्झची घूं उचलते ती मात्र टेपनं जात नाही. त्यासाठीच तर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरनं 1955 मध्ये दोन उलट कॉइल जोडून हंबकर केला. तुझ्या गिटारचा मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तर पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर घूं आपोआप मरते. नसेल तर सिंगल कॉइलचा तो स्वभाव आहे, सहन कर.

पिकअपची उंची मात्र आजच बघ, स्क्रूड्रायव्हर तर घरात असेलच. जाड तारेच्या बाजूला चुंबक फार जवळ आलं तर ते तार ओढतं आणि सूर डगमगल्यासारखा येतो. हे फुकट दुरुस्त होतं. पिकअप कुठले घ्यायचे हे तू विचारलंयस खरं, पण हे सगळं करून महिनाभर वाजव, मग विचार. तेव्हा कदाचित विचारणारही नाहीस. ब्रिज बदलणार असशील तर तारांमधलं अंतर आणि स्क्रूंचं अंतर मोजल्याशिवाय एक रुपया खर्च करू नकोस. ब्रिजखालच्या धातूच्या ब्लॉकची उंचीही मोज, कारण स्वस्त गिटारचं शरीर बरेचदा पातळ असतं आणि मोठा ब्लॉक मागून बाहेर डोकावतो.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, आता सांगतो. फ्लॉइड रोज ब्रिजबरोबर येतो तसा तारा स्क्रूनं जखडणारा लॉकिंग नट असेल तर वरचं हाडपुराण तुझ्यासाठी नाही. आणि अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन कधीही काढू नकोस, घूं कमी झाली तरी. तुझ्या तारा अ‍ॅम्पच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. मंडळाच्या स्टेजवर अर्थिंग नसेल, अ‍ॅम्पमध्ये दोष असेल आणि तू माइकला ओठ लावलास तर शॉक तुझ्यातनं जाईल. हे मी पॅनेलवाला म्हणून सांगतोय, गिटारवाला म्हणून नाही. काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प तर उघडूच नकोस, बंद केल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.

सोल्डरिंग सांगलीत कुठलाही बरा टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाला करून देईल. त्याला फक्त जुन्या जोडणीचा फोटो दाखव. नटसाठी पुण्याला जायची गरज नाही, मिरजेला जा. गिटारवर ज्या जाडीच्या तारा नेहमी वापरतोस त्याच चढवून ने, खाचा त्यांच्याच मापानं पडतात. आणि दर्ग्याचा उरूस किंवा अंबाबाईचा नवरात्र महोत्सव तोंडावर असताना जाऊ नकोस. तेव्हा गायकांचे तंबोरे जवारीला रांगेत असतात, आपला नंबर लागत नाही.