सुरीची परीक्षा परसदारी

प्रश्न : मी तेवीस वर्षांचा असून नोकरी करतो. दोन महिन्यांपूर्वी ऑनलाइन एक ‘सर्व्हायव्हल नाइफ’ मागवला. पातं साडेसात इंच, पाठीवर करवतीसारखे दाते, मूठ पोकळ. मुठीत आगकाड्या, गळ आणि दोरा, टोपणात होकायंत्र. डिसेंबरात मित्रांबरोबर हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जायचं आहे. त्याआधी हा चाकू घरी कसा तपासून पाहू? वर शेकोटीसाठी लाकूड फोडताना तो टिकेल का? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या चाकूचं वर्णन वाचून मला हसू आलं, कारण वीसेक वर्षांपूर्वी मीही हुबेहूब असाच एक घेतला होता. होकायंत्रासकट. घरी आणल्यावर देवरुखच्या आमच्या खळ्यात आंब्याची वाळकी फांदी उभी केली, त्यावर पातं ठेवलं आणि पाठीवर दांडक्याचा ठोका दिला. दुसऱ्याच ठोक्याला पातं लाकडात राहिलं आणि मूठ माझ्या हातात आली. टोपण घरंगळत गोठ्याकडे गेलं. सासूबाई पडवीतून एवढंच म्हणाल्या, “कोयती हाय ना घरात?”

त्या होकायंत्राचा काटा आधीपासूनच भलतीकडे बघत असे. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. वीतभर पोलाद शेजारी असलं की काटा उत्तर सोडून पोलादाकडेच ओढला जाणार. चाकूच्या टोपणात होकायंत्र बसवायची कल्पना ज्याच्या डोक्यात आली, तो कधी वाट चुकला नसावा.

आता मुद्द्याचं. तुमच्या चाकूचं टोपण उघडा, आतलं सामान काढा आणि बॅटरी मारून मुठीत बघा. तळाशी बहुधा एक नट दिसेल. म्हणजे पातं मुठीच्या तोंडाशीच संपतं आणि पुढे बोटभर लांबीचा दांडा नटाने आवळलेला असतो. ठोक्याचा सगळा जोर त्या एवढ्याशा जागेवर येतो. नट दिसला तर या चाकूने लाकूड फोडायचं नाही, घरीही नाही आणि गडावरही नाही. ज्या चाकूत पात्याचंच पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध जातं आणि दोन्ही बाजूंच्या फळ्या त्यावर रिबिटांनी बसवलेल्या असतात, ठोके सोसण्याचं काम त्याचं.

पाठीवरचे दातेही दिखाऊच समजा. सुताराची करवत हातात घेऊन नीट बघा. तिचा एक दात डावीकडे झुकलेला असतो, पुढचा उजवीकडे, म्हणून कापलेली फट पात्यापेक्षा रुंद होते आणि पातं अडकत नाही. चाकूवरचे दाते सरळ रेषेत असतात. चार हेलकाव्यांत ते लाकडात रुततात. वर बारीक काम करताना पाठीवर अंगठा टेकवायची जागा तेच अडवून बसतात. तिथे काय टोचतं ते तुमचा अंगठाच सांगेल.

चाकू म्हणून तो कितपत कामाचा आहे, हे मात्र तपासता येईल. मी नवा चाकू घेतला की महिनाभर घराबाहेर नेत नाही. पहिल्या दिवशी हाताला साबणाचं पाणी लावते आणि टोक फळीवर रोखून हळूहळू दाब वाढवते. बोटं पात्याकडे सरकायला लागली की तिथेच थांबायचं. पावसात हात असाच निसटणार. मग वाळक्या बांबूच्या सहा खुंट्या करायच्या, टोकदार, वर दोरी अडकायला खाच. याला तास-दीड तास लागतो. संपल्यावर तळहात बघा. जिथे लाल झालंय तिथे दुसऱ्या दिवशी फोड येणार. दुकानात झकास वाटलेल्या किती मुठी या एका तासात नापास होतात म्हणून सांगू!

खुंट्या करताना एक पाळा : मांडीवर धरून कापायचं नाही. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते आणि डोंगरात ते रक्त थांबवणं अवघड. कोपर गुडघ्याच्या पुढे काढून, पातं अंगापासून दूर जाईल असंच कापायचं. माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी जो व्रण आहे तो जंगलातला नाही, याच खळ्यातला आहे. चहा आला म्हणून मान वळवली होती.

धारेसाठी काथ्याचा सुंभ घ्या. तो धारेचा वैरी. पात्याच्या एकाच जागेने पन्नास तुकडे करा आणि मग त्याच जागेने वर्तमानपत्राचा कागद चिरा, पिकलेला टोमॅटो कापा. कागद फाटला, टोमॅटो चेपला तर धार गेली. दिव्याखाली धार वर करून धरली तर बोथट जागेवर बारीक पांढरी रेघ चमकते. चांगल्या धारेवर काहीच दिसत नाही.

तुलनेला माझ्याजवळचा चाकू सांगते, कारण तो मी दोन पावसाळे छळलाय. स्वीडनमधल्या मोरा गावचा, ‘कम्पॅनियन’ नावाचा. या कारखान्याची सुरुवात १८९१ सालची. पातं जेमतेम दहा सेंटिमीटर, जाडी अडीच मिलिमीटर, मूठ रबर-प्लॅस्टिकची. दिसायला अगदीच साधा. आमच्या भाच्याने त्याला ‘भाजीचा चाकू’ म्हटलं. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, म्हणून मी साशंक होते. न्हाणीघराच्या चुलीसाठी रोज त्याने ढलप्या काढल्या, मनगटापेक्षा जाड लाकूड घेतलं नाही, ठोका लाकडाच्याच दांडक्याने दिला, दगडाने किंवा हातोडीने कधी नाही. मूठ हलली नाही. एकदा किंजळाच्या लाकडातल्या गाठीवर हट्ट केला तेव्हा धार तांदळाच्या दाण्याएवढी वळली. चूक माझी. गाठ दिसली की लाकूड बदलायचं.

वळलेली धार निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, दहा मिनिटांत सरळ झाली. या चाकवाचा उतार पात्याच्या जवळजवळ मध्यापासून एकाच सपाट पट्ट्यात धारेपर्यंत येतो. तो पट्टा दगडावर टेकवला की कोन आपोआप सापडतो. पहिल्यांदाच धार लावणाऱ्यासाठी याहून सोयीचं काही मला माहीत नाही.

खरं जड काम कोयतीचंच. आमचा लोहार ती ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून घडवतो. वजन पुढे असतं, त्यामुळे निम्मं काम तीच करते. चाकू हे बोटांचं हत्यार आहे, कोयती खांद्याचं.

आता तुमच्या डिसेंबरच्या बेताबद्दल, आणि हे जरा कडक वाटेल. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली ते जाहीर झालं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही आणि त्याच कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूचा स्पष्ट उल्लेख आहे. गंमत म्हणजे गळाचाही आहे, म्हणजे तुमच्या मुठीतलं सामानसुद्धा त्या यादीत बसतं. लाकूड तोडण्याचा प्रश्न तर येतच नाही. तेव्हा चाकू घरी ठेवा आणि शेकोटीचा विचार सोडा. गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावात पिठलं-भाकरी सांगून ठेवा, टोमॅटो घरूनच चिरून डब्यात न्या. थंडीसाठी चांगली स्लीपिंग बॅग घ्या. चाकवावर घातले तेवढे पैसे तिच्यावर घातले असते तर बरं झालं असतं, असं पहाटे चार वाजता वाटेल.

अभयारण्याबाहेरही थोडं भान हवं. शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूला परवान्याचं बंधन आहे, घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी घडवलेली अवजारं वगळून. तुमचं पातं लांबीने त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणावारी, निवडणुकीत मनाईहुकूम निघतात, तेव्हा चाकू जवळ बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. एसटीत कमरेला लटकवून मिरवू नका. सॅकच्या तळाशी, म्यानात, कपड्यात गुंडाळलेला असू द्या.

प्रश्न : माझा कार्बन स्टीलचा चाकू पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवला होता. गणपतीला काढला तर पात्यावर काळे आणि तांबडे डाग. फेकून द्यावा का? — एक वाचक, महाड

उत्तर : फेकू नका. काळा डाग आणि तांबडा डाग वेगळे. कैरी, लिंबू, आमसूल कापलं की अशा पोलादावर करडा-काळा थर येतो. तो राहू द्या, पुढच्या गंजाला तो थोडा अडवतोच. तांबडा तेवढा राखेने नाहीतर बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. खरं दुखणं म्यानाचं आहे. चामडं ओल धरून ठेवतं, म्हणून जून ते सप्टेंबर चाकू म्यानाबाहेर, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. पात्याला खोबरेल तेलाचा हलका हात द्या. शेंगदाण्याचं तेल लावू नका. ते महिन्याभरात चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि मग तेच घासत बसावं लागतं.