रिसर्च पेपर आधी छापावा की पेटंट आधी फाइल करावं?

आधी पेटंट फाइल करा, निदान प्रोव्हिजनल (म्हणजे तात्पुरता, सुरुवातीचा अर्ज) तरी, मग खुशाल पेपर पाठवा. आधीच जाहीर केलेला शोध पेटंटसाठी नवा धरला जात नाही. प्रोव्हिजनलनंतर कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं पूर्ण वर्णन, द्यायला १२ महिने मिळतात. आणि हल्ली लोक जर्नलच्या आधीच प्रीप्रिंट, म्हणजे पेपरचा कच्चा मसुदा, ऑनलाइन टाकतात ना, तेही जाहीर केल्यातच धरलं जातं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. अमेरिकेत स्वतःच्या पेपरनंतरही पेटंट फाइल करायला एक वर्षाची सवलत आहे, युरोपात तशी नाही आणि आपल्याकडची तर फारच तुटपुंजी, तिच्या भरवशावर राहू नका.

जुना पेपर किती जड जातो ते हळदीच्या केसमध्ये बघा. जखमेवर हळद लावायचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं, सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने, माशेलकर सर तिचे प्रमुख असताना, त्याला आव्हान दिलं, पुराव्यात १९५३ चा एका भारतीय मेडिकल जर्नलमधला पेपरही होता, आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द! घरोघरी माहीत असलेली गोष्ट, पण तिथे छापील पुरावाच लागला.

म्हणून आपला शोध आधीच कुठे आलाय का याचा सर्च करताना पेटंट आणि पेपर दोन्ही बघायचेच. एस्पेसनेट, गुगल पेटंट्स, लेन्स या पेटंट शोधायच्या साइट्स, सगळं फुकट आहे. नुसत्या कीवर्डवर थांबू नका कारण पेटंटवाले साध्या गोष्टीलाही भलतंच नाव देतात, त्यापेक्षा सीपीसी कोडने (पेटंटच्या विषयवार वर्गीकरणाचा क्रमांक) शोधा, हळदीच्या औषधांचा ए६१के ३६/९०६६ आहे, तो टाकला की शब्द कुठलाही असो, हळदीच्या औषधांची पेटंट्स समोर येतात. फक्त साधारण मागच्या १८ महिन्यांतले अर्ज दिसणार नाहीत, ते तोवर प्रसिद्धच होत नाहीत.