आधी बघतो, मग रडतो

"पडला की आधी माझ्याकडे बघतो आणि मग भोकाड पसरतो. नाटकच ना हे?" साडेतीन वर्षांच्या मुलाची आई विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) बाबांचं मत पक्कं होतं: लक्ष दिलं की सवय लागते. ते लांबूनच म्हणायचे, "ऊठ, काही नाही झालं." आई तेच म्हणायची, पण धावत जाऊन, घाबऱ्याघुबऱ्या चेहऱ्याने. आजी फरशीला चापट मारायची.

बालवाडीच्या वयातल्या मुलांचे पालक हा प्रश्न नेहमी विचारतात. मूल आधी आपल्या माणसाचा चेहरा बघतं, जे झालंय ते किती मोठं हे कळायला. लागलेलं असतंच. गुडघा झोंबतोय, आईचा चेहरा उतरलाय आणि ती म्हणते काही झालं नाही. त्याने कशावर विश्वास ठेवायचा? लशीच्या सुईबद्दलच्या अभ्यासांतही "काही नाही झालं" अशी समजूत घातल्याने मुलांचा त्रास कमी झालेला दिसत नाही. लक्ष दुसरीकडे वळवलं की होतो. आजीची चापट मला फारशी खटकत नाही. दुखलंय हे घरात मान्य करणारी ती एकटीच होती.

मी सुचवलं ते थोडकंच. त्याच्याजवळ खाली बसा, "गुडघा आपटला, झोंबतंय ना" असं एकदा म्हणा, पाण्याने धुवा, पट्टी कुठली लावायची ते त्याला ठरवू द्या आणि खेळाकडे वळवा. "अजून दुखतंय का?" हा धोशा नको.

बोलता बोलता आईने सांगितलं, मागे कान दुखत होता तेव्हा हा रडलाच नव्हता. नुसता पडून राहायचा, घास चावताना तोंड वाकडं करायचा. मला काळजी वाटली ती या गप्प दुखण्याची. आवाजावरून दुखणं मोजलं की असं निसटतं. खेळ, जेवण, झोप बदललीय का आणि एखादा भाग मूल जपतंय का, हे बघायला हवं.

निघताना बाबांनी विचारलं, "रात्री पाय दुखतात म्हणतो, सकाळी उड्या मारतो. ते तरी नाटक?" तेही नाही. वाढीच्या वयात पोटऱ्या-मांड्या संध्याकाळी किंवा रात्री दुखतात, बहुधा दोन्ही पायांच्या, आणि सकाळी काही नसतं. चोळून, शेकून बरं वाटतं. एकच पाय सतत दुखत असेल, मूल लंगडत असेल, सूज किंवा ताप असेल, सकाळीही दुखत असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं.

पुढच्या भेटीत बाबा म्हणाले, "रडतो अजून. पण लवकर आटपतं."