सूत्रं पाठ आहेत, तरी संख्याशास्त्र, संभाव्यता आणि फंक्शनची शाब्दिक उदाहरणं चुकतात. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाची गुहागरला अकरावीत आहे, सूत्रं तोंडपाठ आहेत, पण शाब्दिक उदाहरण आलं की कुठलं सूत्र लावायचं ते सुचत नाही, आणि उत्तर चुकलं तरी चुकलंय हे तिला कळत नाही.

यातली दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते. कुठलं सूत्र कुठे, हे चाळीस-पन्नास उदाहरणं सोडवली की हाताला बसतं. आपलं उत्तर अशक्य आहे हे ओळखायची सवय मात्र लावून घ्यावी लागते. त्यासाठी मी एकच नियम सांगेन. सूत्र लिहिण्याआधी समासात पेन्सिलीने लिहायचं, की उत्तर कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती असू शकेल. सीबीएसईचं अप्लाइड मॅथेमॅटिक्स असो की आपल्या बोर्डाचं कॉमर्सचं गणित, परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. चूक पकडणारा पहारेकरी म्हणजे समासातला हा अंदाजच.

संख्याशास्त्रापासून दाखवतो. समजा १०० हापूस आंबे वजनावर (ग्रॅममध्ये) वेगळे केले:

१८०–२०० : ८
२००–२२० : १७
२२०–२४० : ३०
२४०–२६० : २५
२६०–२८० : १४
२८०–३०० : ६

मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) काढायचा आहे. संचित वारंवारता (तिथपर्यंतची एकूण बेरीज) ८, २५, ५५, ८०, ९४, १००. निम्मे म्हणजे ५०, आणि पन्नासावा आंबा २२०–२४० या वर्गात पडतो. समासात लिहा: उत्तर २२० ते २४०. आता सूत्र: खालची मर्यादा २२०, त्यात (५० − २५) ÷ ३० × २० मिळवायचे, म्हणजे १६.६७. मध्यक २३६.६७ ग्रॅम.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आधीच्या वर्गाची संचित वारंवारता (२५) घेण्याऐवजी त्याच वर्गाची (५५) घेणं. मग ५० − ५५ उणे येतं आणि उत्तर २१६.६७. समासात २२० ते २४० लिहिलं असेल तर चूक तिथेच दिसते. नसेल, तर मुलगी खाली दोन रेघा मारून पुढच्या प्रश्नाला लागते. सूत्र नुसतं पाठ करण्यापेक्षा त्याचा अर्थ सांगा: २२० ग्रॅमपर्यंत २५ आंबे होऊन गेले, आपल्याला अजून २५ हवेत, या वर्गात ३० आहेत, म्हणजे वीस ग्रॅमच्या अंतरातला २५/३० एवढा रस्ता पुढे जायचं. एवढं डोक्यात असलं की ५५ घ्यायचा मोहच होत नाही.

मध्य (सरासरी) गृहीतमध्य पद्धतीने काढा. वर्गमध्य १९०, २१०, २३० असे आहेत. २३० गृहीत धरून वीस-वीसच्या पायऱ्या मोजल्या की −२, −१, ०, १, २, ३. वारंवारतेने गुणून बेरीज −१६ − १७ + ० + २५ + २८ + १८ = ३८. शंभरने भागून ०.३८, त्याला २० ने गुणून ७.६, मध्य २३७.६ ग्रॅम. शेवटचं ‘वीसने गुणणं’ विसरतात आणि २३०.३८ लिहून मोकळे होतात. हे उत्तर अशक्य नाही, त्यामुळे समासातला अंदाज इथे कामाला येत नाही. दुसरा ताळा लागतो. बहुलक (सर्वांत जास्त वेळा येणारी किंमत) काढून बघा: २२० + (३० − १७) ÷ (६० − १७ − २५) × २० = २३४.४४. शेपूट जड वजनांकडे लांबलेलं असेल, तर बहुतेक वेळा बहुलक सर्वांत लहान, मग मध्यक, मग मध्य असा क्रम लागतो. आपल्याकडे २३४.४, २३६.७, २३७.६ असा तो नीट लागला. मध्य २३०.३८ आला असता, तर तो दोघांच्या खाली गेला असता आणि संशय आला असता. शिवाय ३ × मध्यक − २ × मध्य = ७१० − ४७५.२ = २३४.८, बहुलकाच्या अगदी शेजारी. हा नियम अनुभवावरचा आहे, सिद्ध केलेला नाही, तेव्हा उत्तर म्हणून वापरू नये; ताळा म्हणून उत्तम.

प्रमाण विचलनात (आकडे मध्याभोवती किती पसरलेत याचं माप) त्याच पायऱ्यांचे वर्ग घ्यायचे: ३२ + १७ + ० + २५ + ५६ + ५४ = १८४. म्हणून १.८४ − (०.३८)² = १.६९५६, वर्गमूळ सुमारे १.३०२, गुणिले २०, म्हणजे २६ ग्रॅम. अंदाज असा: सगळी वजनं १२० ग्रॅमच्या पट्ट्यात आहेत, मग विचलन ६० च्या वर जाऊच शकत नाही. २६ च्या ऐवजी ६७८ आलं, तर ते प्रचरण (विचलनाचा वर्ग) आहे, वर्गमूळ राहिलंय.

वर्ग १८०–१९९, २००–२१९ असे तुटक दिले असतील, तर आधी सलग करायचे: १७९.५–१९९.५, १९९.५–२१९.५. रुंदी २०, एकोणीस नव्हे. आता मध्यक २१९.५ + १६.६७ = २३६.१७ येतो. फरक अर्ध्या ग्रॅमचा, पण गुण जातोच.

मध्य की मध्यक, हा प्रश्न आता वारंवार विचारतात आणि त्याचं उत्तर पाठ करायचं नसतं. पाच होड्यांना मासळी मिळाली ४०, ४५, ५०, ५५ आणि ३१० किलो. मध्य १००, मध्यक ५०. एका होडीला थवा लागला म्हणून ‘साधारण होडीला १०० किलो मिळते’ म्हणणं खोटं. चार होड्या त्याच्या जवळपासही नाहीत. पण बंदरावर बर्फ किती लागेल याचा हिशेब करायचा तर एकूण वजन हवं, आणि एकूण देतो तो मध्यच. उत्तर लिहिताना ‘कशासाठी’ हे एका वाक्यात यायला हवं.

संभाव्यतेत गोंधळ भाषेमुळे होतो. डझनभर आंब्यांत ३ आंब्यांत साका आहे (आतला गर खराब होण्याचा दोष; बाहेरून कळत नाही, म्हणून उदाहरणाला बरा). दोन उचलून कापले, तर किमान एकात साका निघण्याची संभाव्यता किती? मुलं सर्रास ३/१२ + ३/१२ = १/२ लिहितात. ही रीत कुठे फुटते ते दाखवायला आंबे वाढवा: पाच कापले तर याच रीतीने १५/१२ येईल, एकापेक्षा जास्त! दोन्हींत साका निघाला ती वेळ दोनदा मोजली गेली, हे कारण.

नीट मांडणी अशी. एकातही नाही: ९/१२ × ८/११ = १२/२२. नेमका एकात: आधी साक्याचा मग चांगला, किंवा उलट, म्हणून २ × ३/१२ × ९/११ = ९/२२. दोन्हींत: ३/१२ × २/११ = १/२२. बेरीज २२/२२. किमान एक म्हणजे १०/२२, अर्थात ५/११. हे २ ने गुणणं राहिलं तर बेरीज १ होत नाही, आणि चूक लगेच सापडते. ‘किमान एक’ दिसलं की १ मधून ‘एकही नाही’ वजा करणं हा जवळचा रस्ता खरा, पण पहिल्या दहा उदाहरणांत तिला लांबच्या रस्त्यानेच जाऊ द्या. छेद संक्षिप्त करण्याची घाईही नको. सगळे २२ वर ठेवले म्हणून बेरीज डोळ्यांना दिसली.

दुसरा आंबा काढताना छेद १२ की ११, हे ‘परत ठेवून’ की ‘परत न ठेवता’ यावर. उदाहरणात ते लिहिलं नसेल, तर प्रत्यक्षात काय होतं ते विचारायचं. कापलेला आंबा कुणी परत पेटीत ठेवत नाही.

सशर्त संभाव्यतेसाठी बेझचं सूत्र मी शेवटी काढीन. आधी १००० आंबे घ्या. ६०० एका बागेचे, त्यात ५ टक्के खराब. ४०० दुसऱ्या बागेचे, त्यात १० टक्के खराब. (कुठली देवगडची आणि कुठली रत्नागिरीची हे मुद्दाम सांगत नाही, गणित बाजूला राहील.) खराब झाले ३० आणि ४०, एकूण ७०. हातात आलेला आंबा खराब निघाला, तर तो दुसऱ्या बागेचा असण्याची संभाव्यता ४०/७०, म्हणजे ४/७. ‘निघाला असता’, ‘असेल तर’, ‘असं कळलं’ असे शब्द आले की छेद बदलतो. १००० सोडून ७० वर यायचं. ४०/१००० हे उत्तर वेगळ्या प्रश्नाचं आहे: आंबा दुसऱ्या बागेचा आणि खराबही असण्याची संभाव्यता.

द्विपदी वितरणाबद्दल (तोच प्रयोग ठरावीक वेळा केला तर किती वेळा यश येईल, ते सांगणारं सूत्र) एवढंच, की ते लावण्याआधी घटना स्वतंत्र आहेत का ते तपासा. ‘पाऊस पडण्याची संभाव्यता ०.८, सलग तीन दिवस पडण्याची किती?’ याला ०.८ चा घन ०.५१२ हे उत्तर तेव्हाच बरोबर, जेव्हा दिवस एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं दिलेलं असतं. आषाढातली संततधार पाहिलेल्याला ते पटायचं नाही. आज लागलेला पाऊस उद्याही असण्याची शक्यता जास्तच असते. उत्तरात ‘दिवस स्वतंत्र मानून’ हे दोन-तीन शब्द लिहायला सांगा.

आता फंक्शन. पुस्तकात फल म्हणोत की फलन, मुलं घाबरतात ती चिन्हांना. इथे समासात दोन गोष्टी लिहायच्या: क्ष म्हणजे काय, आणि तो कुठल्या किमती घेऊ शकतो.

पेटी २००० रुपयांना विकली तर ४० पेट्या खपतात. भाव दर ५० रुपयांनी उतरवला की २ पेट्या जास्त जातात. क्ष म्हणजे भाव किती वेळा उतरवला. विक्री = (२००० − ५०क्ष)(४० + २क्ष) = ८०००० + २०००क्ष − १००क्ष². क्ष = १० ला सर्वांत जास्त: भाव १५००, पेट्या ६०, विक्री ९०००० रुपये. निम्मी मुलं ‘भाव १० रुपये’ लिहितात, कारण क्ष काय होता ते लिहून ठेवलेलं नसतं. आणि पेटीमागे खर्च ८०० रुपये असेल तर? नफा = (१२०० − ५०क्ष)(४० + २क्ष) = ४८००० + ४००क्ष − १००क्ष². आता शिखर क्ष = २ ला: भाव १९००, पेट्या ४४, नफा ४८४०० रुपये. १५०० च्या भावाला नफा ७०० × ६० = ४२००० एवढाच, म्हणजे भाव न उतरवता मिळणाऱ्या ४८००० पेक्षाही कमी. प्रश्नात विक्री विचारलीय की नफा, हा शब्द अधोरेखित केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

त्रिकोणमितीय फंक्शनसाठी तुमच्या दारातच भरती-ओहोटी आहे. समजा खाडीच्या तोंडाशी पूर्ण भरती सकाळी ६ वाजता, खोली २.६ मीटर, ओहोटी ०.६ मीटर, एका भरतीपासून पुढची १२ तास २४ मिनिटांनी, म्हणजे १२.४ तास. मधली रेषा (२.६ + ०.६) ÷ २ = १.६. विस्तार (मधल्या रेषेपासून शिखरापर्यंतचं अंतर) मात्र फरकाचा निम्मा, १.०, पूर्ण २ घेतला तर ओहोटीला खोली −०.४ येते, पाण्याखालचा तळ हवेत! म्हणून खोली = १.६ + कॉस(३६०° × ट ÷ १२.४), ट म्हणजे सहानंतरचे तास.

होडीला २.१ मीटर पाणी लागतं, तर ती कधीपर्यंत आत येऊ शकेल? कॉस = ०.५, कोन ६०°, ट = १२.४ ÷ ६ = २.०७ तास, म्हणजे ८ वाजून ४ मिनिटांपर्यंत. इथे थांबू नका: ३००° ला पण कॉस ०.५ असतो. दुसरं उत्तर ट = १०.३३, म्हणजे दुपारी ४:२० पासून पुन्हा पाणी पुरेल. पुढची भरती संध्याकाळी ६:२४ ला, तिच्या आधी २ तास ४ मिनिटं, जुळतं. पुस्तकात ३६०° च्या जागी २π (दोन पाय) असेल तर कोनही रेडियनमध्येच हवा. एकीकडे π आणि दुसरीकडे ६० ठेवले की ट सुमारे ११८ तास येतो, जवळजवळ पाच दिवस. समासात ‘० ते १२.४’ लिहिलेलं असलं की हे हसूनच खोडलं जाईल.

घरात कुणी जुनं जाणतं माणूस असेल तर त्याला तिथीचा हिशेब विचारा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला ८ × ०.७५ = ६ वाजता. हे सरळ रेषेचं फंक्शन आहे, क्ष फक्त १ ते १५ पूर्णांक, आणि दर पक्षात तेच पुन्हा. रोज भरती सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, तर एका तिथीला ०.८३ तासाच्या आसपास. पाऊण म्हणजे चढ थोडा कमी. दोन्ही रेषा शून्यातून काढल्या तर पंधराव्या तिथीला ११.२५ आणि १२.४५, सव्वा तासाच्या आसपास फरक. तिला दोन्ही रेषा एकाच आलेख कागदावर काढायला सांगा आणि पंधरा दिवस गुहागरच्या भरतीची खरी वेळ त्यावर ठिपक्याने टिपायला लावा. ठिपके एकाही रेषेवर नेमके बसणार नाहीत. ते कुठल्या रेषेच्या जवळ आहेत आणि का, हे तिने स्वतःच्या शब्दांत चार ओळींत लिहावं.