प्रेग्नन्सीत परफ्यूम मारू का, आणि नवऱ्याच्या बॉडी स्प्रेचं काय

केतकी (नाव बदललंय, फुलाचंच सुचलं, गोष्ट वासाची आहे म्हणून असेल) माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा तिला दहावा आठवडा चालू होता आणि हातात एक कापडी पिशवी होती. बसायच्या आधीच तिने ती टेबलवर पालथी केली. परफ्यूमच्या पाच बाटल्या, एक रोल-ऑन आणि एक पुरुषांचा बॉडी स्प्रे. प्रत्येकाच्या झाकणाला सेलोटेप, दोन-दोन वेढे मारून. "मॅडम, यातलं कुठलं चालेल आणि कुठलं टाकून देऊ तेवढं सांगा, बाकी मला काही प्रॉब्लेम नाहीये."

"बाकी काही प्रॉब्लेम नाहीये" असं कुणी म्हटलं की खरं तर मी कान टवकारायला हवेत, इतकी वर्षं गरोदर बायकांच्या समुपदेशनाचंच काम करतेय. त्या दिवशी नाही टवकारले. नवरा शेजारी बसला होता, त्याच्याही फोनमधे काहीतरी उघडून ठेवलेलं होतं, म्हणजे घरी यावरून वाजलंय एवढं कळत होतं, पण मला वाटलं प्रश्न माहितीचा आहे तर माहिती देऊन टाकू. आणि मी सुरू झाले.

बाटलीवर घटकांच्या यादीत "फ्रॅग्रन्स" किंवा "पार्फम" असा एकच शब्द असतो आणि त्या एका शब्दाखाली कितीतरी रसायनं असू शकतात, सगळा फॉर्म्युला सांगायची कंपनीवर सक्ती नसते. त्यातला एक घटक म्हणजे थॅलेट्स. वास पटकन उडून जाऊ नये म्हणून परफ्यूममधे डायइथाइल थॅलेट वापरतात. काही दुसरी थॅलेट्स जी जास्त घातक वाटली त्यांच्यावर युरोपात कॉस्मेटिक्सपुरती बंदी आहे, पण हे डायइथाइल अजून चालतं. मग मी तिला २००५ चा अमेरिकेतल्या संशोधक शॅना स्वान यांचा अभ्यास सांगितला, ज्यात आईच्या लघवीत थॅलेटचे अंश जास्त सापडले तिथे मुलग्यांचं गुदद्वार ते लिंग हे अंतर (गर्भात पुरुषी हार्मोनचा परिणाम किती झाला याची ती खूण मानतात) थोडं कमी भरलं होतं. आणि हेही सांगून टाकलं की मुलग्याच्या जननेंद्रियाची घडण साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात ठरते असं संशोधक मानतात, निदान उंदरांवरच्या प्रयोगांवरून तसं दिसतं.

बोलता बोलता माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. टेबलखाली ती अंगठ्याने बोटांची पेरं मोजत होती. आठ, नऊ, दहा.

तिथे थांबायला हवं होतं मी. पण पुढची क्लायंट बाहेर बसली होती, वेळ संपत आली होती, "घाबरायचं कारण नाही, फक्त जरा कमी वापरा" असं म्हणून मी सेशन गुंडाळलं. घाबरवून झाल्यावर घाबरू नका म्हणायचं, याला काय अर्थ आहे सांगा.

तीन आठवड्यांनी ती आली ती एकटीच. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. या मधल्या काळात तिने परफ्यूम तर सोडलाच, साबण सोडला, शॅम्पू सोडला, कपडे नुसत्या पाण्यात खंगाळायला लागली, ऑफिसमधे शेजारची मुलगी परफ्यूम मारते म्हणून सुट्टी टाकली, आणि वजन ५४ वरून ५१ वर आलं होतं. मी लगेच विचारलं पाणी तरी टिकतंय का पोटात. म्हणाली कालपासून तेही नाही. त्या दिवशी सेशन वगैरे काही घेतलं नाही, आधी तिच्या डॉक्टरांना फोन केला आणि तिला तिकडे पाठवलं. हे सगळ्यांसाठी सांगतेय, गरोदरपणात मळमळ होणं नॉर्मल आहे, दहातल्या सात-आठ बायकांना होते, पण मूळ वजनाच्या ५ टक्क्यांच्या वर वजन उतरलं, दिवसभर पाणीसुद्धा टिकेना, लघवी गडद आणि अगदी थोडी व्हायला लागली तर ती सहन करायची गोष्ट नाही. त्याला औषधं आहेत, सलाईन आहे, आणि ती घेतल्याने बाळाचं नुकसान न होता उलट भलंच होतं.

चार दिवसांनी ती परत आली तेव्हा बरी होती. मग मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. या सात वस्तूंपैकी तुला खरा त्रास कुठल्या एका वस्तूचा होतो?

उत्तर यायला दोन सेकंदपण लागले नाहीत. बॉडी स्प्रे.

नवरा सकाळी आंघोळ झाली की बाथरूमचं दार लावून आतच तो फवारा मारायचा, चांगला आठ-दहा सेकंद, आणि त्यानंतर तिला त्याच बाथरूममधे जायचं असायचं. सातव्या आठवड्यापासून दार उघडलं की तो भपकारा आणि लगेच उमासे, मग उलटी, मग कडू पिवळं पाणी पडेपर्यंत कोरड्या उलट्या. तिने त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला लग्नाआधीपासून हाच वापरतोय, तेव्हा आवडायचा तुला, आता मनावर घेतेयस. घरातल्या इतरांनीही तेच म्हटलं, एवढ्याशा वासाने काय होतं. तेव्हा तिने शोधायला सुरुवात केली की परफ्यूममुळे बाळाला काही होतं का. आणि शोधलं की काय, सापडतंच.

तिचं पुढचं बोलणं मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं. "मॅडम, मला नको म्हटलं तर तो नखरा असतो, बाळाला नको म्हटलं की सगळे ऐकतात."

म्हणजे बघा, तिला माझ्याकडून परफ्यूमचं सर्टिफिकेट हवं होतं. धोकादायक आहे असा शिक्का, जो ती घरी नेऊन दाखवू शकली असती. आणि मी तो शिक्का दिला, नको तितका जोरात दिला, आणि तो तिच्याच डोक्यात जाऊन बसला. आता स्वतःच्या अकरा वर्षांच्या परफ्यूमचा हिशोब मांडून रात्री जागायची पाळी आली तिच्यावर.

तर मग तो अर्धवट सांगितलेला अभ्यास आधी पूर्ण केला. २००५ च्या त्या अभ्यासात ८५ मुलगे होते. त्यांच्यात जो फरक दिसला तो मोजपट्टीवरचा होता, एकाही मुलाच्या अवयवात उघड व्यंग नव्हतं. पुढे त्याच संशोधकांनी २०१५ मधे ७०० हून जास्त गर्भवतींचा अभ्यास मांडला, त्यात संबंध दिसला तो मुख्यतः प्लास्टिकमधून आणि खाण्यातून येणाऱ्या एका वेगळ्या थॅलेटशी, परफ्यूमवाल्या थॅलेटशी नाही. रोज एक-दोन फवारे मारणाऱ्या बाईच्या बाळाला त्यामुळे व्यंग आलं असं दाखवणारा ठोस पुरावा नाही. आणि एरवीही, कसलाही परफ्यूम न लावता, शंभरातल्या साधारण तीन बाळांमधे जन्मतः काही ना काही दोष असतोच, हे ऐकायला बरं वाटत नाही पण पुढेमागे स्वतःला दोष देण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं.

मग कमी वापरा असं तरी का म्हणायचं? तर पुरावा नाही याचा अर्थ निर्धोक असल्याचं सिद्ध झालंय असा होत नाही, आणि कमी करणं खूप सोपं आहे म्हणून. ब्रिटनमधल्या प्रसूतीतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१३ मधे याच धर्तीवर सांगितलं होतं, की बहुतेक बाळांना यातून खरं नुकसान होण्याची शक्यता कमी, तरी कॉस्मेटिक्स कमी करता आली तर करा. त्यावर तेव्हा टीकाही झाली, बायकांना उगाच घाबरवता म्हणून. मला दोन्ही बाजू पटतात. केतकीला उपयोगी पडली ती मात्र वेगळीच गोष्ट, थॅलेट शरीरात साठून राहत नाही, एक-दोन दिवसात लघवीवाटे निघून जातं. कॅलिफोर्नियात १०० किशोरवयीन मुलींना फक्त तीन दिवस वेगळी प्रॉडक्ट्स वापरायला दिली तर या परफ्यूमवाल्या थॅलेटचा अंश २७ टक्क्यांनी उतरला होता, २०१६ चा अभ्यास आहे. हे ऐकल्यावर ती म्हणाली, म्हणजे अकरा वर्षांचं माझ्यात साठलेलं नाहीये? नाही गं. तिने खुर्चीत पाठ टेकली, त्या दिवशी पहिल्यांदाच.

अल्कोहोलचं पण विचारलं तिने, सगळ्याच विचारतात. परफ्यूममधे बराचसा भाग अल्कोहोलच असतो पण तो त्वचेवरून काही क्षणात उडून जातो, फवाऱ्यातून बाळापर्यंत पोचेल इतका रक्तात जात नाही. प्यायची गोष्ट वेगळी.

पुढच्या वेळी नवऱ्याला बोलावलं. मला वाटत होतं वाद घालेल, पण तो गप्प होता आणि जरा ओशाळलेलाही. त्याला खूप घाम येतो, पूर्वी कधीतरी ऑफिसात कुणीतरी त्यावरून बोललं होतं, तेव्हापासून फवारा मारल्याशिवाय घराबाहेर पडायचा त्याला धीरच होत नाही. हे त्याने बायकोला कधी सांगितलं नव्हतं. केतकी त्याच्याकडे बघतच राहिली.

मी त्याला एकच समजावलं, हे मनावर घेणं नाहीये. २०२३ मधे आलेल्या संशोधनात दिसलंय की मळमळीमागे जीडीएफ१५ नावाच्या हार्मोनचा मोठा हात आहे, ते गर्भाकडून आणि वारेकडून आईच्या रक्तात येतं, आणि जिच्या अंगात आधीपासून ते कमी होतं तिला त्याचा जास्त त्रास होतो. नाक प्रत्यक्षात तीक्ष्ण होतं का यावर चाचण्यांचे निकाल उलटसुलट आहेत, पण तोच वास आता नकोसा वाटतो, उलटी आणतो, हे खरंच घडतं. लग्नाआधी आवडायचा म्हणून आताही आवडायला हवा असं पोटाला समजावता येत नाही हो. आणि बाळाला धोका आहे का नाही हा विषय बाजूला ठेवा, तिला उलटी होते हे कारण पुरेसं आहे.

मग ठरलं काय तर फारसं काही नाही. त्याने बिनवासाचा रोल-ऑन घ्यायचा, आणि स्प्रे हवाच असेल तर ऑफिसात पोचल्यावर. बिनवासाचा घेतानाही लेबल बघायचं, "अनसेंटेड" लिहिलेल्यात कधी कधी मूळ वास दाबायला दुसरा वास घातलेला असतो, "फ्रॅग्रन्स-फ्री" वेगळं. बंद बाथरूममधे, बंद गाडीत फवारे नाहीत, रूम फ्रेशनर बंद, खिडकी उघडी. तिला स्वतःचा एक परफ्यूम सोडवत नव्हता तर मी म्हटलं ठेव, रोज नको, मारायचा तेव्हा एक फवारा आणि तोही वरच्या कपड्यावर. गळ्यावर नको, कारण बर्गमोटसारख्या लिंबूवर्गीय तेलांवर ऊन पडलं की काळपट डाग उठू शकतात आणि गरोदरपणात चेहऱ्यामानेवर वांग आधीच येत असतो. नॅचरल म्हणून इसेन्शियल ऑइल अंगाला चोळायला सुरुवात करू नको हेही बजावलं, नॅचरल म्हणजे सौम्य हा गैरसमज आहे, त्यातली काही तेलं गरोदरपणात टाळायचीच असतात. साबण-शॅम्पू मात्र परत सुरू, त्याच दिवसापासून.

दमा असलेल्या बाईला मी इतकी सूट दिली नसती, वासाने धाप लागत असेल तर परफ्यूम सरळ बंद आणि डॉक्टरांना दाखवायचं. तसंच जी दिवसभर परफ्यूमच्या काउंटरवर किंवा सलूनमधे उभी असते तिचा हिशोब एका फवाऱ्याचा नसतो, तिने हवा खेळती असलेली जागा आणि ड्युटीच्या तासांबद्दल मालकाशी बोलायला हवं, लागलं तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन.

सेलोटेप लावलेल्या त्या बाटल्यांपैकी तीन तिने बहिणीला दिल्या.

सातव्या महिन्यात दोघं शेवटचे आले तेव्हा वजन ५९ होतं, उलट्या चौथ्या महिन्याच्या शेवटी थांबल्या होत्या. जाता जाता नवऱ्याने विचारलं, डिलिव्हरीनंतर घरात स्प्रे चालेल ना? मी म्हटलं पहिले काही आठवडे दोघांनीही छातीपाशी काही लावू नका, तान्हं बाळ आईला वासाने ओळखतं. १९९४ मधे ३० नवजात बाळांवर केलेल्या एका प्रयोगात आईचा एक स्तन धुतला होता आणि एक तसाच ठेवला होता, तर २२ बाळांनी न धुतलेलाच निवडला. ते पहिले काही आठवडे गेले की मारा खुशाल.

"विचारून मार," केतकी पर्स उचलत म्हणाली.