सहा महिन्यांत खाण सुरू? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

2022 च्या निवडणुकीत केजरीवालांनी गोव्यात सांगितलं होतं, आमचं सरकार आलं की सहा महिन्यांत लोहखनिजाच्या खाणी सुरू, आणि तोवर खाणबंदीने बेकार झालेल्या घरांना महिन्याला 5000 रुपये. सरकार काही आलं नाही. पण प्रश्न अजून येतातच, कारण 2027 ला हेच पत्रक कुणी ना कुणी रंग बदलून परत छापणार.

प्रश्न (कुडचडे): सर, माझा ट्रक दारात गंजतोय. सहा महिन्यांत खरंच होईल?

भाऊ, तुमचं मन मोडायचं नाही पण नाही होणार. 2012 ला बंदी आली, मग एप्रिल 2014 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सगळी लीजं, म्हणजे खाणींचे भाडेपट्टे, 22 नोव्हेंबर 2007 लाच संपली होती, त्यानंतरचं खणणं बेकायदा. तरी सरकारने 88 लीजं रिन्यू केली, ती फेब्रुवारी 2018 ला कोर्टाने उडवली, 16 मार्चपासून परत सगळं ठप्प. आता लिलावाशिवाय रस्ता नाही, आणि लिलाव झाला म्हणजे लगेच ट्रक भरला असं नसतं, पर्यावरण परवाना, जनसुनावणी हे सगळं असतंच. डिचोलीचा ब्लॉक डिसेंबर 2022 च्या पहिल्या लिलावात वेदांताला गेला, तिथे काम सुरू व्हायला 2024 उजाडलं. आणि पूर्वी वर्षाला पाच कोटी टनांवर माल बाहेर जायचा, कोर्टाने 2014 ला मर्यादा घातली दोन कोटींची, म्हणजे सुरू झालं तरी जुन्या सगळ्या ट्रकांना फेऱ्या मिळतील हे गणित बसत नाही.

प्रश्न (डिचोली तालुका): विहीर आटते आणि धूळ घरात येते, यावर खाणी सुरू करायच्या प्लॅनमध्ये काय असायला हवं?

हा खरा प्रश्न, आणि सभेत यावर टाळ्या पडत नाहीत म्हणून कुणी बोलत नाही. खड्डा भूजलाच्या खाली गेला की खणायला पाणी सतत उपसावं लागतं, चोवीस तास पंप. ते पाणी येतं कुठून? आजूबाजूच्या जमिनीतून, म्हणजे तुमच्याच विहिरीतून. वर एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती बाजूला टाकायची, तो डंप पहिल्या मोठ्या पावसात उतरतो आणि भाताच्या वाफ्यात लाल चिखल बसतो, एकदा बसला की नुसत्या नांगरणीने जात नाही. जुलै 2021 ला दोडामार्गात कळण्याला खाणीचा बांध फुटून पाणी गावात घुसलं, ते आठवा. उमेदवार दारात आला की एवढंच विचारा, पाण्याची पातळी कोण मोजणार आणि आकडे पंचायतीत लागणार का. धुळीसाठी ट्रकवर ताडपत्री टाकायचं नंतर बघू.

प्रश्न (पुणे, मूळ सांगे): अलास्कासारखे पैसे थेट खात्यात का देत नाहीत?

अमेरिकेतल्या अलास्का राज्याने 1976 ला फंड केला, खनिज उत्पन्नाचा ठराविक भाग त्यात, मुद्दलाला हात नाही, आणि 1982 ला लोकांना पहिले 1000 डॉलर मिळाले. आपल्याकडे रॉयल्टी, म्हणजे खनिजाच्या किमतीतला सरकारचा वाटा, 15 टक्के, लिलावात बोललेला प्रीमियम वेगळा, लिलावातल्या लीजांना रॉयल्टीच्या 10 टक्के जिल्हा खनिज फंडाला, म्हणजे खाणबाधित भागासाठीच्या निधीला. शिवाय 2014 च्या निकालात विक्रीच्या 10 टक्के कायमस्वरूपी फंडात टाकायला सांगितलंय. म्हणजे डबा आहे, प्रश्न झाकणाचा आहे, मुद्दलाला हात न लावण्याचा. माझं मत विचाराल तर महिना 5000 पेक्षा हे मोठं आश्वासन, कारण खनिज एकदाच विकता येतं, ते भत्त्यात खर्च केलं की नातवाला उरतो खड्डा.

प्रश्न (फोंडा): भाव पडला तर?

पडतोच. आपला माल हलक्या प्रतीचा, गिऱ्हाईक मुख्यतः चीन, आणि निर्यात शुल्क ठरवते दिल्ली. मे 2022 ला शुल्क 50 टक्के केलं, नोव्हेंबरात हलक्या मालावरचं काढलं. पणजीत कुणीही बसू दे, ही चावी त्याच्या खिशात नाही.